खून नवा, जोडपे तेच

‘इन डेथ’ ही अमेरिकी लेखिका नोरा रॉबर्ट्स यांची कादंबरीमालिका. जे. डी. रॉब या टोपणनावाने ती प्रसिद्ध होते. पहिली कादंबरी ‘नेकेड इन डेथ’ जुलै १९९५ मध्ये आली आणि साठावी ‘बॉन्डेड इन डेथ’ फेब्रुवारी २०२५ मध्ये. तीस वर्षांत साठ पुस्तके, म्हणजे वर्षाकाठी दोन, आणि प्रत्येकात तीच नायिका, तोच नायक, तेच न्यूयॉर्क. दर पुस्तकात निदान एक मुडदा पडतो, तपास होतो, गुन्हेगार हाती लागतो आणि प्रकरण मिटते. मिटत नाही तो या तपासाच्या आतबाहेर चाललेला संसार. खुनांचा तपास करणारी लेफ्टनंट ईव्ह डॅलस आणि तिचा नवरा रोर्क यांचे पुढे काय झाले हे पाहायला वाचक नवे पुस्तक उचलतो. खुनी कोण, हा प्रश्न त्याला पुस्तकात शिरल्यावर पडतो.

रहस्यकथा आणि प्रेमकथा यांचे असे एकत्र नांदणे आज कुणाला खटकत नाही. पूर्वी ते चांगलेच खटकत असे. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकाने १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले. त्यांतला तिसरा नियम कथेतून प्रेमप्रकरण हद्दपार करणारा होता. तपासनिसाने गुन्हेगार पकडावा, लग्ने जुळवत बसू नये, असा त्याचा रोख. त्याच वर्षी डोरोथी एल. सेयर्स या इंग्रज लेखिकेने रहस्यकथांच्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत जवळपास हेच मत मांडले. गंमत अशी की, दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, तिने स्वतः ‘स्ट्राँग पॉयझन’ लिहिली. तिचा तपासनीस लॉर्ड पीटर विम्झी याला या कादंबरीत हॅरिएट वेन भेटते ती कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्यात, पूर्वीच्या प्रियकराला विष घातल्याच्या आरोपाखाली. विम्झी तिला मागणी घालतो आणि सोडवतोही. ती नकार देते. होकार यायला १९३५ ची ‘गॉडी नाइट’ उजाडावी लागते. ऑक्सफर्डमध्ये घडणाऱ्या या जाडजूड कादंबरीत एकही खून नाही, तरी आज ती सेयर्सच्या उत्तम कादंबऱ्यांत गणली जाते. बंदी घालणाऱ्यांनीच बंदी मोडली, एवढे यावरून दिसते.

बंदीमागची अडचण मात्र खरी होती. रहस्यकथा वाचकाला सगळ्यांवर संशय घ्यायला लावते. नायकाचे जिच्यावर मन बसले ती त्या संशयातून बहुधा आपोआप सुटते. डॅशिएल हॅमेटने ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये तिलाही सोडले नाही, पण तेवढे धाडस करणारे थोडे. याहून मोठी अडचण शेवटाची. प्रेमकथेचा सगळा ताण होकार मिळेपर्यंतचा. लग्न ठरले की पुस्तक मिटले. मालिकेला असे मिटणे परवडत नाही. म्हणून लेखकांनी दोन वाटा धरल्या. एक म्हणजे तपासनीस एकटाच ठेवणे: होम्स, पोयरो, मार्लो सगळे सडेफटिंग. दुसरी म्हणजे होकार पुढे ढकलत राहणे. जॅनेट इव्हानोविच यांची स्टेफनी प्लम १९९४ पासून न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये फरार आरोपी पकडते आहे आणि तेव्हापासून जो मोरेली व रेंजर या दोघांमध्ये हेलकावे खाते आहे. पहिली दहा पुस्तके त्या हेलकाव्यांवर मजेत निघतात. विसाव्या पुस्तकापर्यंत वाचकालाच तिचे लग्न एकदाचे लावून टाकावेसे वाटू लागते.

नवराबायको मिळून गुन्हे उकलतात, अशी उदाहरणे आधीही होती. अगाथा ख्रिस्तीची टॉमी आणि टपेन्स ही जोडी १९२२ पासून १९७३ पर्यंत अधूनमधून येत राहिली आणि वाचकांबरोबर म्हातारी झाली. हॅमेटचे निक आणि नोरा चार्ल्स ‘द थिन मॅन’ या एकाच कादंबरीचे, पण पुढे सिनेमांनी त्यांना लांबवले. मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आठवेल. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी त्याच्या साहसांत बायको विजया हिची सोबत दिली होती. पण या सगळ्या जोडप्यांचे लग्न ही कथेची आधारभूत गोष्ट असते, कथेचा विषय नसतो. त्यांचे भांडण झालेच तर ते चुरचुरीत संवादापुरते. लग्नानंतरची धुसफूस, अविश्वास, एकमेकांच्या जखमांशी जुळवून घेणे, हे साठ पुस्तकांचे मुख्य भांडवल करण्याचे काम रॉब यांनी केले.

त्या मुळात प्रेमकथांच्या लेखिका. जन्म १९५० चा, मेरीलँड राज्यातला. फेब्रुवारी १९७९ च्या हिमवादळात दोन लहान मुलांसह घरात अडकून पडल्या असताना त्यांनी लिहायला सुरुवात केली. पहिली कादंबरी ‘आयरिश थरोब्रेड’ १९८१ मध्ये सिलुएट या प्रकाशनाने काढली. प्रेमकथांच्या बाजारातल्या सर्वांत बड्या हार्लेक्विनने त्याआधी त्यांना परत पाठवले होते. त्यांच्याकडे एक अमेरिकी लेखिका आधीच होती आणि तेवढी त्यांना पुरेशी वाटत होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रॉबर्ट्स यांचा लिहिण्याचा झपाटा इतका वाढला की प्रकाशकाला एका नावाखाली सगळे छापणे अवघड झाले. एकाच लेखिकेची पुस्तके एकमेकांच्या विक्रीवर पाय देऊ लागतात, ही त्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. उपाय म्हणून दुसरे नाव घ्यायचे ठरले. जेसन आणि डॅन या मुलांची आद्याक्षरे आणि स्वतःच्या आडनावाचा तुकडा, यांतून जे. डी. रॉब तयार झाले. हे नाव कुणाचे, ते २००१ च्या सुमारास, मालिकेच्या बाराव्या पुस्तकाच्या वेळी अधिकृतपणे जाहीर झाले. तोवर मालिकेने स्वतःचा वाचकवर्ग मिळवला होता आणि त्यात प्रेमकथांना नाक मुरडणारेही बरेच होते.

‘नेकेड इन डेथ’ २०५८ च्या फेब्रुवारीत सुरू होते. ईव्ह तिशीची आहे, न्यूयॉर्क पोलीस दलाच्या खून विभागात लेफ्टनंट. एका सिनेटरची नात मारली जाते, तीही बंदुकीने, आणि या भविष्यात बंदुका संग्रहातच उरलेल्या आहेत. अशा जुन्या बंदुकांचा संग्रह असलेला अब्जाधीश म्हणजे रोर्क. डब्लिनच्या गल्ल्यांत चोऱ्या-तस्करी करत वर आलेला, एकाच नावाचा माणूस. मृत मुलीच्या ओळखीतला आणि म्हणून संशयित. प्रेमकथेतला नायक थेट संशयितांच्या यादीत बसवून रॉब यांनी जुनी अडचण उलटी फिरवली. वाचकाला ठाऊक असते की हा खुनी नसणार. ईव्हला ते ठाऊक नसते, आणि ठाऊक व्हायच्या आत ती त्याच्यात गुंतते. पोलीस म्हणून तिची नोकरी त्यामुळे धोक्यात येते. प्रेमाने तपासाला अडथळा होतो, हा व्हॅन डाइनचा आक्षेप. रॉब यांनी तो अडथळाच कथानकात वापरला.

पहिल्या भेटीतल्या दोन वस्तू मालिकेत शेवटपर्यंत पुरतात. एक म्हणजे बटण. ईव्हच्या बेढब करड्या सूटचे बटण तुटून पडते आणि रोर्क ते खिशात टाकतो. पुढच्या पुस्तकांत कुठेतरी, गर्दीत, दवाखान्याबाहेर, तिची वाट पाहताना, त्याची बोटे खिशातल्या त्या बटणाशी चाळा करतात. लेखिका त्यावर भाष्य करत नाही. पहिले पुस्तक वाचलेल्याला ते बटण पुरते, नव्या वाचकाला ते नुसते बटण वाटते. दुसरी वस्तू म्हणजे कॉफी. २०५८ मध्ये खरी कॉफी दुर्मीळ आहे. पोलीस ठाण्यात मिळते ते कॉफीच्या नावाने खपणारे काळे पाणी. रोर्क तिला खऱ्या कॉफीचे पाकीट पाठवतो. आयुष्यात कुणाकडून काही घ्यायची सवय नसलेली बाई ते परत करू शकत नाही. पुढे आपण कॉफीसाठीच लग्न केले, असा विनोद ती वरचेवर करते, आणि तिच्या खोलीतल्या यंत्रातली कॉफी मिळावी म्हणून अर्धे ठाणे काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे डोकावते.

लग्न तिसऱ्या पुस्तकात, ‘इमॉर्टल इन डेथ’च्या शेवटी होते. हे पुस्तक १९९६ चे. म्हणजे दुसरी मालिका ज्या होकारावर पंधरा वर्षे काढते, तो इथे वर्षभरात उरकला जातो आणि पुढची सत्तावन्न पुस्तके त्यानंतरची. हा निर्णय मालिकेतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत फायद्याचा ठरला.

त्याला जोड मिळाली ती संथ घड्याळाची. लांब मालिकेला काळाचे काय करायचे हे ठरवावेच लागते. इयन रँकिन यांचा इन्स्पेक्टर रीबस वर्षाला वर्ष मोजत म्हातारा झाला आणि २००७ च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये निवृत्त झाला. स्यू ग्राफ्टन यांनी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने १९८२ पासून २०१७ पर्यंत पंचवीस पुस्तके लिहिली, पण त्यांची किन्सी मिलहोन १९८० च्या दशकातच राहिली. रॉब यांचे घड्याळ ग्राफ्टन यांच्याहूनही हळू चालते. २०५८ ला सुरू झालेली कथा साठाव्या पुस्तकात २०६१ मध्ये आहे. दोन पुस्तकांमध्ये वाचकाचे सहा महिने जातात, ईव्हचा महिनाही पुरा जात नाही. १९९५ मध्ये पंचविशीत असलेली वाचक आता पंचावन्नची आहे. ईव्ह अजून पस्तिशीच्या आत आहे.

हिशेब मांडला तर हसू येते. तीन-साडेतीन वर्षांत इतके माथेफिरू खुनी, इतके हाणामारीचे प्रसंग, इतके हाडे मोडणे आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा धावायला तयार होणे कुणालाच शक्य नाही. पण या संथपणामुळे लहान बदल मोठे वाटतात. दुसऱ्या पुस्तकात गणवेशातली शिपाई म्हणून आलेली डेलिया पीबॉडी तिसऱ्यात ईव्हची मदतनीस होते आणि डिटेक्टिव्ह व्हायला तिला २००३ ची ‘इमिटेशन इन डेथ’ गाठावी लागते. कथेत हे दीड वर्षाच्या आत घडते. वाचकाने मात्र त्या बढतीची आठ वर्षे वाट पाहिलेली असते, त्यामुळे बढतीचे पान एखाद्या नातलगाच्या निकालासारखे वाचले जाते. ईव्हची मैत्रीण मेविस, पूर्वी लोकांचे खिसे कापणारी, ती गायिका होते, लग्न करते, २००६ च्या ‘बॉर्न इन डेथ’मध्ये तिला मुलगी होते. अलीकडच्या पुस्तकांत मेविस आणि पीबॉडी यांची कुटुंबे एक जुने घर दुरुस्त करून घेतात, आणि खुनाच्या तपासात मध्येच भिंतीचा रंग नि स्वयंपाकघराचा ओटा यांवर चर्चा होते. गुन्हेगारी कादंबरीत ही पाने अनाठायी वाटायला हवीत. निष्ठावान वाचक तीच आधी शोधतात.

एका पुस्तकाची चाल साधारण ठरलेली आहे. पहाटे फोन येतो. या जगात त्याला ‘लिंक’ म्हणतात. ईव्ह घटनास्थळी पोचते, हातांवर आणि बुटांवर ‘सील-इट’चा फवारा मारते म्हणजे तिचे ठसे कुठे उमटू नयेत, छातीवरचा रेकॉर्डर सुरू करते आणि मोठ्याने बोलत पाहणी करते. मृताची ओळख बोटांच्या ठशांवरून पटवली जाते, मृत्यूची वेळ एका छोट्या यंत्राने काढली जाते. मग मृताच्या घरी जाऊन बातमी सांगणे. हा प्रसंग रॉब सहसा टाळत नाहीत. आई, नवरा, बहीण, कधी नुसता खोलीतला भिडू. प्रत्येकाचा धक्का वेगळा. दार उघडणारा माणूस पोलिसाचा चेहरा पाहूनच मागे सरतो, कुणी चहाचे विचारत राहतो, कुणी भलत्याच गोष्टीवर चिडतो. मारला गेलेला माणूस हा केवळ कोड्याचा पहिला तुकडा, असे अनेक रहस्यकथांत होते. इथे तो कुणाचा तरी कोण होता, हे दहाव्या-पंधराव्या पानापर्यंत ठसते. मेलेल्यांच्या बाजूने उभे राहणे हे ईव्ह आपले काम मानते, आणि या प्रसंगांमुळे ते नुसते वाक्य राहत नाही.

त्यानंतर शवागार. तिथला प्रमुख डॉक्टर मॉरिस नीटनेटका, संगीताचा शौकीन. २००९ च्या ‘प्रॉमिसेस इन डेथ’मध्ये त्याची प्रेयसी, स्वतः पोलीस असलेली, मारली जाते आणि तिचे शव त्याच्याच शवागारात येते. पुढच्या कितीतरी पुस्तकांत त्याचे दुःख हळूहळू निवळताना दिसते. एखाद्या भेटीत तो पुन्हा रंगीत टाय लावतो, एखाद्यात पुन्हा संगीत ऐकतो. पात्रे एका भागापुरतीच ठेवणाऱ्या मालिकांना हे जमत नाही.

संध्याकाळी तपास घरी येतो. रोर्कच्या वाड्यात ईव्हची स्वतंत्र कचेरी आहे, तिथे ती मृतांचे आणि संशयितांचे फोटो फलकावर लावते. रोर्क पोलिसांचा नागरी सल्लागार म्हणून मदतीला बसतो. पैशाच्या वाटा शोधणे हे त्याचे काम. कोणत्या कंपनीमागे कोण, कुणाच्या खात्यात अचानक किती आले. कायद्याने नोंद करायला हवीत अशी, पण नोंद न केलेली संगणकयंत्रेही त्याच्या घरात एका बंद खोलीत आहेत. ती वापरायची की नाही, यावर पोलीस बायको आणि माजी चोर नवरा यांचे दर पुस्तकात नव्याने ठरते. टेबलावर फायली आणि त्यांच्यामध्ये जेवणाचे ताट. ती जेवायचे विसरते, तो विसरू देत नाही. मालिकेतले बरेचसे प्रेम या ताटातून कळते, शृंगारप्रसंगांतून कमी.

दरवेळी तेच ते येते, ही तक्रार ऐकू येते आणि ती खरी आहे. घरचा कारभारी समरसेट आणि ईव्ह दारात पाऊल टाकताच एकमेकांना टोमणे मारतात. ठाण्यातली विक्रीयंत्रे ईव्हचे पैसे गिळतात. तिच्या खोलीत कितीही लपवले तरी चॉकलेट चोरीला जाते; खून उकलणाऱ्या बाईला चॉकलेटचोर सापडत नाही. ती म्हणी चुकीच्या म्हणते. हिवाळ्यात हातमोजे हरवते. कोणत्याही इमारतीत शिरली की ती नवऱ्याच्या मालकीची निघते. गॅलाहड नावाचा लठ्ठ बोका मध्येच येऊन बसतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही. विसाव्या पुस्तकात मात्र हेच ठोके वाचकाला घरी आल्याची खूण देतात, आणि त्यांतला एखादा चुकला की काहीतरी बिनसले आहे हे कळते. समरसेटने टोमणा मारला नाही तर समजावे, ईव्ह आज फारच वाईट अवस्थेत घरी आली आहे. पुनरावृत्ती नुसती आळसाने होते तेव्हा कंटाळा येतो. रॉब तिचा अशा वेळी माप म्हणून उपयोग करतात, आणि तेवढ्यासाठी ती सहन करावी.

या ठरलेल्या चालीखाली दोन लांब धागे आहेत. ईव्ह आठ वर्षांची असताना टेक्सासमधल्या डॅलस शहरात एका गल्लीत सापडली, हात मोडलेला, आठवण पुसलेली. नाव दिले ते समाजसेविकेने, आडनाव शहराचे. बापाने केलेल्या अत्याचाराच्या आठवणी स्वप्नांतून तुकड्यातुकड्याने परत येतात. २००२ च्या ‘रीयुनियन इन डेथ’मध्ये ती त्या शहरात जाते, २०११ च्या ‘न्यूयॉर्क टू डॅलस’मध्ये पुन्हा, आणि तिथे आईचा प्रश्न समोर उभा राहतो. रोर्कचाही बाप असाच. आई आपल्याला टाकून गेली, असे मानत तो वाढला; २००३ च्या ‘पोर्ट्रेट इन डेथ’मध्ये ते खोटे ठरते आणि आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात त्याला सख्खे नातेवाईक मिळतात. दोघेही मार खाल्लेली मुले. एकाने कायदा धरला, दुसऱ्याने मोडला. संसाराची गाठ या साम्यात आहे आणि भांडणाचे कारणही.

या भांडणाचा उत्तम नमुना २००४ च्या ‘डिव्हायडेड इन डेथ’मध्ये मिळतो. रोर्कच्या हाती सरकारी गुप्तचर खात्याची एक फाईल लागते. ईव्हच्या बापावर त्या खात्याची पाळत होती. लहान मुलीचे काय हाल चालले आहेत हे पाळतीवरच्यांना माहीत होते आणि आपला डाव उघडा पडू नये म्हणून त्यांनी काही केले नाही. रोर्कला त्या माणसांचा सूड हवा आहे आणि तो घेण्याची ताकद त्याच्याकडे आहे. ईव्हला तो नको, कारण खुनाचा तपास करणारी बाई घरात खून होऊ देऊ शकत नाही. कोण बरोबर, याचे सोपे उत्तर पुस्तकात नाही. दोघेही स्वतःशी प्रामाणिक राहून एकमेकांना दुखावतात, आणि कुणीतरी एकाने जन्मभराचा राग गिळल्याशिवाय घर पुन्हा जमणार नाही, हे पानापानाला जाणवत राहते. खुनाचे कथानक या पुस्तकात दुय्यम होते. २००७ च्या ‘इनोसंट इन डेथ’मध्ये रोर्कची जुनी प्रेयसी परत येते आणि ईव्हला मत्सर म्हणजे काय ते कळते, ते भांडण साधे, जास्त घरगुती आणि म्हणून कदाचित जास्त बोचरे. दोन्ही ठिकाणी मेळ होणार हे वाचकाला आधीच माहीत असते. गुन्हेगार सापडणार हेही माहीत असते. शेवटाची खात्री असल्यामुळे वाचक घाई करत नाही, कसे होते ते निवांत पाहतो. एरवी वेगळ्या कपाटांत राहणारे हे दोन साहित्यप्रकार या खात्रीच्या बाबतीत मुळातच सख्खे आहेत.

भविष्यकाळाचा रंग मात्र मालिकेत बेताचाच आहे. उडणाऱ्या गाड्या, बोलता बोलता चेहरा दाखवणारे खिशातले फोन, जेवण वाढणारी यंत्रे, अवकाशातले रिसॉर्ट, परवानाधारक वेश्याव्यवसाय. १९९५ मध्ये यातले बरेच दूरचे वाटले असेल. चेहरा दाखवणारा फोन आता प्रत्येकाच्या हातात आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ‘अर्बन वॉर्स’ नावाची यादवी होऊन गेली, असा मालिकेचा इतिहास आहे. वाचकांच्या दिनदर्शिकेने तो काळ केव्हाच गाठला. रॉब यांनी तारखा बदलल्या नाहीत आणि ते बरेच झाले. भविष्याचा त्यांना खरा उपयोग एवढाच की प्रयोगशाळेचे निकाल लवकर येतात आणि लोकांची मने मात्र जुनीच राहतात.

दोष आहेत. रोर्कची श्रीमंती फार सोयीची आहे. विमान हवे, इमारत हवी, माहिती हवी, सगळे हजर. पोलिसांची मारझोड आणि घरातली बेकायदा यंत्रे यांकडे लेखिका पुरेशा कडकपणे पाहत नाही, कारण ती माणसे तिला आवडतात. बायकांवरच्या अत्याचाराची वर्णने काही पुस्तकांत इतकी सलग येतात की वाचक बधिर होतो. नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत खुनी अर्ध्यावरच उघड होतो, मग उरतो तो पाठलाग आणि चौकशीच्या खोलीतली जबानी. कोडे सोडवायला बसणाऱ्या वाचकाची इथे निराशा होईल. चौकशीची खोली मात्र सहसा वाया जात नाही. ईव्ह गुन्हेगाराचा अहंकार ओळखते, पीबॉडी मवाळ चेहऱ्याने शेजारी बसते आणि कबुली धमकीने मिळत नाही. तो माणूस स्वतःचे शहाणपण मिरवता मिरवता ती देऊन बसतो.

साठ पुस्तकांच्या ढिगाला भिऊन कुणी मधलेच एखादे उचलू नये. पहिली तीन क्रमाने वाचावीत. त्यांत ओळख, संशय आणि लग्न, एवढे उरकते आणि ही जोडी आवडते की नाही ते कळते. आवडली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण पुढेही तेच दोघे आहेत. आवडली तर क्रम मोडू नये, निदान ‘पोर्ट्रेट’ आणि ‘डिव्हायडेड’ या दोन पुस्तकांपर्यंत तरी. मालिकेत सरस काय, असे विचारले तर ही दोन पुस्तके पुढे करावीत. बोलकी पुस्तके ऐकणाऱ्यांची सोय आहेच. सुझन एरिकसन यांच्या आवाजात मालिका ऐकायला मिळते, आणि रोर्कची आयरिश बोली त्यांच्या तोंडून कानाला गोड लागते.